आईचा सत्कार की कामगाराचा? लॅटिनो कामगार चळवळीतल्या बायांवरून

रातराणी (धागाकर्ती)

इकडे कॅलिफोर्नियात मे महिन्यात बहुतेक वर्षी मातृदिन दोनदा येतो. अमेरिकेचा दुसऱ्या रविवारी आणि मेक्सिकोचा १० तारखेला, वार कोणताही असो. लॅटिनो कामगार संघटना त्याच सुमारास कष्टकरी, स्थलांतरित आयांचे सत्कार ठेवतात. परवा अशाच एका कार्यक्रमाला जाऊन आले. तेव्हापासून जे मनात घोळतंय ते इथे मांडते, तुमचंही ऐकायचंय.

मला बोलावलं होतं आमच्या ऑफिसचा मजला साफ करणाऱ्या बाईंनी. मूळच्या ग्वातेमालाच्या. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला ‘मिहा’, म्हणजे पोरी. कामाचा रेटा असला की मी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बसते, तेव्हा त्यांची सफाईची ढकलगाडी येते. गाडीवर फवाऱ्याच्या बाटल्यांच्या मधल्या खाचेत फोन उभा केलेला असतो आणि फोनमध्ये त्यांची धाकटी गणितं सोडवत असते. कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारता मारता सेन्योरा विचारतात, ‘सिएते पोर ओचो?’ सात आठे? पोरगी अडखळली की त्यांचा हात थांबतो. उत्तर आलं की पुढच्या टेबलाकडे.

कार्यक्रमात प्रत्येक आईला एक कार्नेशनचं फूल मिळालं. एक छापील कागद वाटला होता, त्यात सत्कारमूर्तींची नावं आणि प्रत्येक नावापुढे मुलांची संख्या. भाषणं झाली. त्याग, माया, लेकरांसाठी झिजणं. माझ्या शेजारच्या बाई रात्रपाळी करून थेट आल्या होत्या, त्यांना बसल्या बसल्या झोप लागली, मांडीवरचं फूल खाली पडलं. दीड तासात एकाही वक्त्याने सांगितलं नाही की या बायांनी लढून काय मिळवलं. मला याचं फार वाईट वाटलं, रागही आला.

कारण मिळवलंय पुष्कळ. ३१ जानेवारी १९३८ ला टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत पिकान सोलणाऱ्या कामगारांनी काम थांबवलं. पिकान म्हणजे अक्रोडासारखा एक सुका मेवा. जवळपास १२ हजार माणसं, बहुतेक मेक्सिकन घरांतल्या बाया. कोंदट खोल्यांत टरफलांची धूळ छातीत जायची, क्षयाने घरंच्या घरं पोखरलेली. मालकांनी पौंडामागे मिळणाऱ्या मोजक्या सेंटांतूनही कपात केली आणि बाया उठल्या. पुढे होती एमा तेनायुका, वय २१. नंतरच्या काळात डोलोरेस हुएर्ता. शाळेत शिकवत होती, शेतमजुरांची अनवाणी, उपाशी पोरं वर्गात बघवेनात म्हणून नोकरी सोडली, १९६२ साली सेझार चावेझ यांच्याबरोबर शेतमजुरांची संघटना उभी केली, मळेमालकांशी करारांची बोलणी करायला स्वतः बसली. ‘सी, से प्वेदे’, होय, जमतंय, ही घोषणा १९७२ साली ॲरिझोनात तिने दिली. आणि १५ जून १९९० ला लॉस एंजेलिसच्या सेंचुरी सिटीत सफाई कामगारांच्या मोर्चावर पोलिसांच्या काठ्या पडल्या. एल साल्वादोर, ग्वातेमाला, मेक्सिकोहून आलेल्या बाया होत्या त्यात, काही गरोदर. मागे हटल्या नाहीत, करार मिळवला. सेन्योरांना आज जो आजारपणाचा विमा आहे त्याची मुळं तिथे आहेत.

माझं म्हणणं एवढंच. ‘आई’ म्हणून मखरात बसवलं की बाईने केलेलं काम दिसेनासं होतं, आणि कधी कधी ते मुद्दाम केलेलं असतं. मेक्सिकोचा १० मे १९२२ साली ‘एक्सेल्सिओर’ या वर्तमानपत्राने सुरू केला. तेव्हा युकातान प्रांतात बाया संततिनियमनाबद्दल उघड बोलायला लागल्या होत्या, त्याआधी १९१६ मध्ये स्त्रियांची परिषद भरली होती. त्याला उत्तर म्हणून मातेची पूजा पुढे आणली गेली. म्हणून मला वाटतं, कामगार संघटनेने तरी सत्कार कामगाराचा करावा, आईचा नको.

चंद्रपूरकरीण

रातराणी, पोटतिडकीने लिहिलंयस, पण शेवटचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आईपण म्हणजे नेहमी मखरच नसतं. त्या बायांनी त्याचंच हत्यार केलं.

मी खाणीच्या गावात वाढले, म्हणून न्यू मेक्सिकोतल्या हॅनोव्हरची हकीकत मला पाठ आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये तिथल्या जस्ताच्या खाणीत मेक्सिकन-अमेरिकन कामगारांनी संप केला. गोऱ्या कामगारांना एक वागणूक, यांना दुसरी. कंपनीच्या चाळीत गोऱ्यांच्या घरात गरम पाण्याचा नळ, यांच्या बायका बाहेरून पाणी भरून चुलीवर तापवणार. आठ महिन्यांनी, जून १९५१ मध्ये, कोर्टाने हुकूम काढला की संपकरी कामगारांनी खाणीच्या वाटेवर उभं राहायचं नाही. हुकूम संपकऱ्यांसाठी होता, त्यांच्या बायकांचं नाव त्यात नव्हतं. मग बाया उभ्या राहिल्या, पोरं कडेवर घेऊन. अश्रुधूर झाला, गाड्या अंगावर घातल्या, डझनांनी बाया पोरांसकट तुरुंगात गेल्या. तिथे सगळ्यांनी मिळून इतका कालवा केला की तुरुंगवाल्यांची पाचावर धारण बसली. घरी नवरे धुणी धूत होते, लाकडं फोडत होते आणि तेव्हा त्यांना कळलं की बायका गरम पाण्याची मागणी यादीत वर घ्या असं का म्हणत होत्या.

जानेवारी १९५२ मध्ये संप मिटला. त्यानंतर घरांत गरम पाणी आलं. ती मागणी आयांची होती, बरं का. पुरुषांच्या यादीत ती कायम शेवटी असायची. ‘आईचा नको’ म्हणून तू नेमकी तीच बाजू खोडतेस.

शिवारातला

ताई, तुम्ही मळ्यांतल्या मजुरांच्या चळवळीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार, म्हणजे तुमच्या हिशोबात समोरच्या पंगतीतला. तरी ऐकून घ्या.

डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, आणि विरळणीला आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात. गेल्या हंगामात एक जण चार महिन्यांचं पोर घेऊन आली. वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलला साडीची झोळी बांधायची, दोन ओळी झाल्या की पाजायला यायची, पुन्हा ओळीला लागायची. ऊन सरकलं की झोळीही सरकवायची. तिच्या मजुरीतून मी तो वेळ कधी कापला नाही. कोणत्या करारात लिहिलं नव्हतं, कोणी मोर्चा आणला नव्हता. आई आहे म्हणून. आता तुम्ही म्हणता आईपण बाजूला ठेवा आणि कामगार म्हणा. कामगार म्हटलं की हिशोब घड्याळावर आला. मग मी झोळीकडे गेलेली पंधरा मिनिटं मोजायची का?

दुसरं. तुम्ही सॅन अँटोनिओचं सांगितलंत, मी रात्री बसून पुढचं वाचलं. त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, तासाला २५ सेंट. सोलणावळ परवडेना म्हणून मालकांनी यंत्रं आणली आणि संप जिंकलेल्या त्याच हजारो बायांची कामं गेली. हे का नाही लिहिलं? मजुरी वाढावी असं मलाही वाटतं. पण माझ्या मालाचा भाव मी ठरवत नाही. निर्यातीच्या मालात एक औषधाचा अंश जास्त निघाला तर अख्खा कंटेनर परत. वरून पैसा येत नसेल तर खाली कुठून देऊ?

रातराणी

काका, यंत्रांचं मी लिहायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. खरं आहे, बायांची कामं गेली. पण टरफलाच्या धुळीत आठवड्याला दोन-तीन डॉलरवर बाया राबत राहिल्या असत्या तर बरं, असं मी म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणणार नाही.

झोळीबद्दल वाचून बरं वाटलं. तुमच्या बागेत ती बाई निर्धास्त आहे. पण शेजारच्या बागेत? तिथे मालकाचा स्वभाव वेगळा असेल तर तिचं पोर उपाशी राहणार. मालक चांगला निघाला तर मिळतं आणि नाही निघाला तर मिळत नाही, त्याला हक्क म्हणत नाहीत.

एक घटना सांगते. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना सावली आणि पाणी देण्याचा नियम २००५ पासून आहे. मे २००८ मध्ये स्टॉक्टनजवळच्या द्राक्षमळ्यात १७ वर्षांची एक मेक्सिकन मुलगी उन्हात कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. दोन महिन्यांची गरोदर होती. नियम होता, पण तो पाळायला लावणारं त्या मळ्यात कोणी नव्हतं. तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर नियम लागला नसता, हे मी आदराने म्हणते आहे.

आणि घड्याळाचं म्हणाल तर २०२२ च्या अखेरीस इथे कायदा झाला की अंगावर पाजणाऱ्या बाईला कामाच्या ठिकाणी दूध काढायला वेळ आणि आडोसा द्यावाच लागेल. शेतमजूर बायाही त्यात आल्या. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यात शेतमजुरांना जागाच नव्हती, त्यांना ती १९६६ मध्ये मिळाली. घरकामगार बायांना १९७४ मध्ये. घड्याळ नव्हतं म्हणून कोणाचं भलं झालेलं मला दिसत नाही.

बेरीजवजाबाकी

शिवारातला यांचा ‘वरून पैसा येत नसेल तर’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याला एक चालून दाखवलेलं उत्तर आहे. फ्लोरिडात इमोकली नावाचं टोमॅटोचं गाव आहे. मजूर मेक्सिको, ग्वातेमाला, हैतीचे. त्यांच्या संघटनेने ओळखलं की शेतकऱ्याच्या मानेवर बसून उपयोग नाही, त्याच्याकडे उरतच नाही. भाव पाडतो तो मोठा खरेदीदार. म्हणून त्यांनी टॅको बेल या खाद्यसाखळीवर बहिष्कार टाकला, २००५ मध्ये ती कंपनी नमली. मग मॅकडोनाल्ड्स, नंतर वॉलमार्ट. खरेदीदार पौंडामागे साधारण एक सेंट जास्त देतो, तो थेट मजुरापर्यंत जातो. २०११ पासून बहुतेक मोठ्या टोमॅटो मळ्यांत हा कार्यक्रम चालू आहे. मळ्यात बाईचा छळ झाला आणि मुकादमाला पाठीशी घातलं तर मळ्याचा माल ते खरेदीदार उचलत नाहीत.

बाया निर्धास्त झाल्या त्या या शेवटच्या अटीमुळे. शेतावर सगळ्यात मोठी भीती कसली असते ते बायांना विचारा. मजुरीचा नंबर दुसरा लागतो.

शिवारातला

हे मला माहीत नव्हतं. खरेदीदाराला धरायचं हे पटतंय. आमच्या निर्यातदारांना असं कोण धरणार हा प्रश्न आहेच, पण तो वेगळा धागा होईल.

हडसनकाठी

सगळे एका सुरात बोलताय म्हणून वेगळं लिहितो. राग आला तरी चालेल.

मी न्यू जर्सीत अठरा वर्षं आहे, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. माझी बायको पुण्यात कॉलेजात शिकवायची. इथे आली ती माझ्या व्हिसावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून, आणि कितीतरी वर्षं तिला एक तासही काम करायची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये आमच्यासारख्यांच्या बायकांना परवाना मिळायला लागला तोवर तिची उमेद गेली होती. घरात दोन मुलं, बाहेर बर्फ, आणि हातातली पीएच.डी. कपाटात. तीही स्थलांतरित आईच आहे ना? तिला कोणी कार्नेशन दिलं नाही. आम्ही प्रत्येक कागद वेळेवर भरला. आणि ज्यांनी सीमा ओलांडताना कागदच केले नाहीत त्यांच्यासाठी सत्कार, घोषणा, माफीची, म्हणजे राहण्याचे कागद द्या अशी मागणी. मला यात न्याय दिसत नाही.

आणि ही लॅटिनो चळवळसुद्धा पूर्वी असंच म्हणायची. १९७४ च्या सुमारास शेतमजूर संघटनेने कागद नसलेल्या संपफोड्या मजुरांची नावं सरकारला कळवण्याची मोहीमच चालवली होती. कारण मालक त्यांनाच आणून संप मोडायचे. मग आज अचानक तीच माणसं सत्कारमूर्ती कशी?

रातराणी

तुमच्या पत्नीबद्दल वाचून गलबलून आलं. माझ्या मैत्रिणींमध्ये अशा चार जणी आहेत. त्यांचा हिशोब कोणीच मांडत नाही, हे शंभर टक्के खरं.

१९७४ चंही खरं आहे. चळवळीने ती चूक केली आणि ती लपवू नये. पण बदल अचानक झाला नाही. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले आणि त्याच कायद्याने कागद नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणं बेकायदा ठरवलं. अमेरिकेतल्या मोठ्या कामगार महासंघाने तेव्हा त्या कलमाला पाठिंबा दिला होता. मालक मात्र सुटत राहिले आणि संप करणारी बाई पकडली जायची. कारखान्यात युनियनची सही मोहीम सुरू झाली की मालकच इमिग्रेशनला फोन करणार. फेब्रुवारी २००० मध्ये महासंघाने भूमिका उलटी केली, माफी द्या म्हणाले. ते दयेपोटी नव्हतं. एका बाईला घाबरवता येतं तोवर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नागरिकाचीही मजुरी वाढत नाही, हे त्यांना पंधरा वर्षांत कळलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की युनियनच्या कामासाठी बेकायदा काढून टाकलेल्या कामगाराकडे कागद नसतील तर त्याला बुडालेला पगार मिळणार नाही. म्हणजे कोणाला ठेवणं स्वस्त पडणार, सांगा.

७ ऑगस्ट २०१९. मिसिसिपीतल्या कोंबडीच्या कारखान्यांवर छापे, सुमारे ६८० माणसं एका दिवसात उचलली. शाळेचा पहिला दिवस होता. पोरं घरी आली तर कुलूप. त्यातल्याच एका कंपनीने आदल्या वर्षी लॅटिनो कामगारांच्या छळाचा, बायांशी लगट करण्याचा दावा ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला होता. तक्रार करायला बाया पुढे आल्या होत्या. तुम्ही रांगेत आहात म्हणून त्या बायांवर राग काढू नका. रांग त्यांनी लांबवलेली नाही. तुमच्या पत्नीचा परवाना ज्या व्यवस्थेने अडवला तिनेच यांनाही धाकात ठेवलंय.

हडसनकाठी

व्यवस्था एकच असेल, मान्य. पण नियम मोडणारा आणि पाळणारा यांत फरक उरलाच नाही तर मुलांना मी काय शिकवू? यावर आपलं जमणार नाही. छाप्याच्या दिवशीची ती पोरं मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत, तेवढं कबूल करतो.

मधुमालती

मी वेगळ्याच कारणासाठी धागाकर्तीच्या विरोधात आहे. माझी आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत होती. मोर्चा, जिल्हा परिषद, मुंबई. मी मावशीकडे वाढले. शाळेच्या गॅदरिंगला आई एकदा आली, तीही शेवटच्या नाचाला. म्हणून डोलोरेस हुएर्ताचं नाव निघालं की मला तिच्या ११ मुलांची आठवण येते. मुलं आज या ओळखीच्यांकडे, उद्या त्या. आई वाट्याला कमी आली हे त्यांनी मोठेपणी स्वतः सांगितलंय, तिच्याबद्दलच्या अभिमानासकट. तिच्या बाजूला सेझार चावेझची बायको हेलन बघा. आठ मुलं, नवरा संघटना बांधतोय तेव्हा ही मळ्यात मजुरी करत होती, पुढे संघटनेची पतपेढी तिने सांभाळली. फोटोत मागे कुठेतरी.

‘आईचा सत्कार नको’ म्हटलं की हा सगळा भाग गायब होतो. लढ्याची किंमत कोणी भरली? मुलांनी भरली, आजीने भरली, शेजारणीने भरली. माझ्या आईचा सत्कार झाला तेव्हा कुणी मावशीला व्यासपीठावर बोलावलं नाही. मला वाटतं आई म्हणूनच सत्कार करा, पण पूर्ण खरं सांगून करा.

चंद्रपूरकरीण

मधुमालती, मावशीचं वाचून थांबलेच. आमच्याकडे आजी होती.

चाफा

माझी आई पुण्यात पाच घरची धुणीभांडी करायची. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी आपणहून काम बंद केलं होतं, ती त्यांत होती, पुढे संघटनेचं कार्डही होतं तिच्याकडे. तिची मागणी काय होती? महिन्यातून दोन सुट्ट्या आणि आजारी पडल्यावर पैसे न कापणं. ‘तू आमच्या घरचीच आहेस’ हे तिने खूप ऐकलं. घरची म्हटलं की सुट्टी मागता येत नाही, एवढंच तिला त्याचं कळलं होतं. म्हणून मी रातराणीच्या बाजूने आहे, पूर्णपणे.

आता इथल्या मराठी मंडळींना विचारते. न्यू जर्सीत, बे एरियात, ह्यूस्टनमध्ये आपली किती बाळं एक्वादोर, होंडुरास, मेक्सिकोच्या बाया सांभाळतात? मी दोन वर्षं न्यूयॉर्कला होते, पाहिलंय. रोख पैसे, पावती नाही, बाळ झोपलं की स्वयंपाकघरही तिनेच आवरायचं. न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरकामगारांचा कायदा आहे. आठवड्यात एक दिवस सुट्टी, ४० तासांवर जादा दर, वर्ष भरलं की तीन दिवस पगारी रजा. तो मिळवायला कॅरिबियन, लॅटिना, फिलिपिनो, नेपाळी बाया वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला, बसने जात होत्या, पोरांना घेऊन. आपल्यापैकी कितीजणांनी तो वाचलाय?

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या एका मराठी अधिकाऱ्यांना घरकामाच्या बाईच्या पगाराच्या कागदपत्रांवरून अटक झाली. देशाचा अपमान झाला म्हणून आपण आठवडाभर पेटलो होतो. ज्या तऱ्हेने अटक झाली ती मलाही पटली नव्हती. पण त्या आठवडाभरात आमच्या ओळखीत एकाही घरात, ‘आपण आपल्या बाईला किती देतो?’ हा विषय निघाला नाही.

रातराणी

चाफा, तुझ्या प्रश्नाला आधी माझ्यापुरतं उत्तर देते. माझ्या घरी महिन्यातून दोनदा सफाईला बाई येतात. रोखच देते. मी गावाला गेले की त्या आठवड्याचे पैसे देत नव्हते. परवापासून द्यायचं ठरवलंय, कालच त्यांना सांगितलं. कायदा म्हणून लागू होतो की नाही हे बघत बसले नाही.

चंद्रपूरकरीण आणि मधुमालती, तुमचं वाचून माझं मत जागचं हललं, पूर्ण नाही पण हललं. हॅनोव्हरच्या गरम पाण्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या आई होत्या म्हणूनच ती मागणी त्यांना सुचली.

शिवारातला

ताई, एवढं सगळं झालं, पण त्या सेन्योरांना कोणी विचारलं का, त्यांना काय आवडलं असतं?

रातराणी

काका, काल रात्री विचारलं. तासभर बोलत होतो, त्यांची पाळी संपल्यावर, पार्किंगमध्ये.

आधी म्हणाल्या, फूल आवडलं. धाकटीने ते वहीत दाबून ठेवलंय. मग पर्समधून तो छापील कागद काढला, घडी घातलेला. त्यांच्या नावापुढे ‘तीन मुलं’ असं छापलंय. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या की मी ‘प्रोमोतोरा’ आहे, हे कुठे आहे?

मला आजवर हे माहीत नव्हतं. गेली काही वर्षं नेहमी भेटतो आम्ही. कॅलिफोर्नियात रात्रपाळीच्या सफाईवाल्या बायांवर रिकाम्या इमारतींत मुकादमांकडून अत्याचार होत होते. बाया उपोषणाला बसल्या आणि २०१६ मध्ये कायदा झाला की सफाई कंपनीने नोंदणी करायची आणि छळाविरुद्ध प्रशिक्षण द्यायचं. नंतर २०१९ मध्ये दुसरा कायदा आला की ते प्रशिक्षण स्वतः सफाईकाम केलेल्या बायाच देतील. त्या प्रशिक्षक बाया म्हणजे प्रोमोतोरा. शनिवारी सकाळी, रात्रपाळीची झोप मोडून, सेन्योरा दुसऱ्या बायांना शिकवतात. तक्रार कुठे करायची, कोणत्या शब्दांत लिहायची, आणि कोणी हात धरला तर काय करायचं.

मी विचारलं, मग मुलांचा आकडा नको होता का तुम्हाला? त्या म्हणाल्या, का नको, मुलं माझीच आहेत. हेही लिहायचं. कागदावर जागा होती.

मग पार्किंगच्या दिव्याखाली त्यांनी मला माझं मनगट घट्ट धरून दाखवलं आणि सोडवायला सांगितलं. मी मागे ओढत राहिले, सुटेना. त्या माझ्याहून वीतभर बुटक्या आहेत.

शिवारातला

ताई, ते सोडवायचं कसं ते लिहून पाठवा. इथे बायकोला सांगतो, ती बागेतल्या बायांना दाखवेल.

रातराणी

मागे ओढायचं नाही, तिथेच मी चुकत होते. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा कच्चा असतो. आपलं मनगट फिरवून अरुंद बाजू त्या सांध्यासमोर आणायची, कोपर पोटाशी घ्यायचं आणि अंगठ्याच्या दिशेने एकाच झटक्यात काढायचं. त्याच वेळी मोठ्याने ओरडायचं. सेन्योरा म्हणतात ओरडणं आधी शिकवा, बायांना तेच अवघड जातं. पहिल्या शनिवारी अर्ध्या जणींचा आवाजच फुटत नाही. काकूंना सांगा, एकेकीला दहा-दहा वेळा करायला लावा.